आईची सरळ नजर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेली नाही. ओठांपर्यंत आली नाही असं नाही — कितीदा आली. नवरा होता तेव्हा आली, भावाच्या घरी आईच्या फोटोला हार घालताना आली. आली की मी उठून पाणी प्यायची आणि भाजीला फोडणी द्यायला जायची. आता तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. फक्त मध्येच ‘जाऊ द्या हो, होतं असं’ म्हणू नका. ते ऐकलं की मला ओकारी येते.

कुठून सुरू करू? चिमट्यापासून करावं खरं — पण चिमटा म्हटलं की तुम्ही हसाल. म्हणाल, एवढंच? म्हणून आधी आई सांगते.

आम्ही नागपूरचे, गांधीबागेच्या मागच्या गल्लीतले. वडील कापडाच्या ठोक दुकानात होते, ते लवकर गेले. भाऊ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला. मी शेंडेफळ, आईच्या चाळिशीच्या तोंडावर झालेली. म्हणजे मी बी. ए. होऊन लग्नाची वाट बघत घरी बसले होते तेव्हा आई साठी ओलांडून पुढे गेली होती. आणीबाणीच्या थोडं आधीची ही वर्षं. मटक्यावरच्या लांब पोळ्या करण्यात तिचा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नव्हतं. तो सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापल्या, उपड्या मटक्यावर अलगद पसरायचा — हे सगळं हातांचं काम, डोळ्यांचं नाही. म्हणूनच तिचे डोळे जात आहेत हे आमच्या घरात कुणाला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? मला विचाराल तर दुसरं.

आधी ती गल्लीत समोरून येणाऱ्या सख्ख्या नणंदेला ओळख न देता पुढे गेली. त्यावरून रुसवेफुगवे झाले. मग कॅलेंडरवरची एकादशी तिला सापडेना. सुईत दोरा मी ओवून द्यायची. आणि हीच बाई, बघा, ओट्याच्या कोपऱ्यात सांडलेले मोहरीचे दाणे एकेक करून वेचायची! मी भावाला सरळ म्हणाले, सोंग करते. जिला मोहरी दिसते तिला माणूस दिसत नाही? तो बिचारा गोदामातून दमून यायचा, तो काय बोलणार.

आई मात्र सांगत होती. तिला जे दिसत होतं ते तिनं नीट, एखाद्या शहाण्या माणसानं सांगावं तसं सांगितलं होतं. म्हणाली, “मधातच धुकट झालं वं शकू. तुह्याकडे पायलं का तुहं तोंडच पुसून जाते. कान दिसते, वेणी दिसते, मधात काहीच नाही.” खिडकीचे गजही तिला मध्येच वाकलेले दिसायचे. ती उठून हात लावून बघायची, गज सरळ असायचे. ती स्वतःशी हसायची.

मग तिला एक युक्ती सापडली. कुणी शिकवली नव्हती, तिची तिलाच सापडली. कुणाकडे बघायचं असलं की ती मान एका बाजूला वळवायची, तोंड भलतीकडे करायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. मध्ये जे पुसलं गेलं होतं ते तिला कडेला थोडंसं, धूसर का होईना, सापडायचं. पण आम्हाला काय दिसायचं? की आपण बोलतो आहोत आणि ही बाई तोंड फिरवून भिंतीकडे बघते आहे. मान वाकडी, बुबुळं कोपऱ्यात. मला ते दृश्य सहन व्हायचं नाही. कोंबडी दाण्याकडे बघते ना, मान तिरपी करून, एका डोळ्यानं — तशी दिसायची ती मला. मला शिसारी यायची. माझ्या आईची मला शिसारी यायची, हे मी आज पहिल्यांदा म्हणते आहे. जिनं मला पंचविशीपर्यंत तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिची.

अन् एकदा ती बघत असताना मी तिला तोंडावर म्हणालेही — कोंबडी. ती हसली. तिला वाटलं, लाडानं म्हणते.

त्याच उन्हाळ्यात वर्ध्याची मंडळी मला बघायला आली. मुलगा बरा होता. कार्यक्रम नीट झाला, पोळ्यांची तारीफ झाली. मुलाची आई माझ्या आईशी बोलत होती आणि माझी आई — तोंड कोनाड्याकडे करून ऐकत होती. तिला त्या बाईचा चेहरा बघायचा होता हो! लेक कुणाच्या घरी द्यायची ते बघायचं होतं. पण त्या बाईला काय वाटलं असेल? आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण आईची नजर काही ठीक वाटत नाही. घमेंड आहे की डोळ्यांत खोट आहे ते कळलं नाही. आणि आपल्याकडे म्हणतातच की खाण तशी माती.

हा निरोप ऐकून आई न्हाणीत जाऊन रडली. मी रडले नाही. मला तिचा राग आला होता, तो मी पुढे कितीतरी दिवस सांभाळून ठेवला.

भावानं शेवटी ठरवलं की धंतोलीत दाखवायचं. तिथे नवा डोळ्यांचा डॉक्टर आला होता, बंगाली, शिकलेला, हाताला गुण आहे असं लोक म्हणत. आईला मीच घेऊन गेले. भावाला सुट्टी नव्हती. रिक्षात आई माझा पदर धरून बसली होती. बाकावर विदर्भातल्या गावागावांतून आलेली माणसं, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. आईच्या डोळ्यांत औषध टाकलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग आत अंधारात डॉक्टरनं बराच वेळ तपासलं. मग दिवा लावला आणि मला समोर बसवलं. आई शेजारीच. डॉक्टरला मराठी येत नव्हती. आईशी तो हिंदीत दोन शब्द बोलला — “माताजी, घबराइए मत” — आणि मी ग्रॅज्युएट आहे कळल्यावर पुढचं सगळं इंग्रजीत मला सांगितलं. आई मान तिरपी करून त्याच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. प्रत्येक शब्द ऐकत होती, एकही कळत नव्हता.

काय सांगितलं त्यानं? मला आजही पाठ आहे. डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याचा अगदी मधला भाग वयानं झिजला आहे. वाचायला, चेहरा ओळखायला, सुई ओवायला तोच लागतो. कडेचा भाग शाबूत आहे, म्हणून तिला मोहरी दिसते. ती सोंग करत नाही — हे तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, त्याला असल्या घरांची सवय असावी. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्मा बदलून उपयोग नाही. पण ही पूर्ण आंधळी होणार नाही, हे तिला आवर्जून सांगा, अशा माणसांना तीच भीती पोखरते. घरात उजेड वाढवा. पायऱ्यांच्या कडांना चुना ओढा. भात काळपट ताटलीत वाढा, पांढऱ्या ताटात तिला पांढरा भात दिसणार नाही. एकेक डोळा झाकून रोज खिडकीचे गज बघायला सांगा, अचानक जास्त वाकडे दिसले तर लगेच या. आणि सगळ्यात महत्त्वाचं — हे त्यानं टेबलावर बोट आपटून सांगितलं — ती जी मान वळवून कडेनं बघते, ते तिला करू द्या. नुसतं करू द्या नाही, रोज बसून सराव करून घ्या. कुठल्या कोनातून जास्त दिसतं ते तिला शोधू द्या. आता तीच तिची नजर आहे. घरच्यांना सांगा, येणाऱ्याजाणाऱ्यांनाही सांगा, म्हणजे कुणी गैरसमज करून घेणार नाही.

येणाऱ्याजाणाऱ्यांनाही सांगा! — कुणाला सांगू? मुलगी बघायला येणाऱ्यांना? या बसा, पोहे घ्या, ही माझी आई, हिच्या डोळ्याचा पडदा झिजला आहे? मी त्याला एकच प्रश्न विचारला. हे मुलांकडे येतं का? तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही, काही घराण्यांमध्ये दिसतं खरं. झालं. मला पुढचं काही ऐकायची गरज राहिली नाही.

तेवढ्यात आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, “काय म्हणते वं डाक्टर?”

आणि मी तिला सांगितलं — हळू आवाजात, आमच्या बोलीत, डॉक्टरच्या समोर बसून — “थे म्हणते, तिरपं पाहाचं नाही. सरळच पाहाचं. तिरपं पाहशीन तं उरलं सुरलं तेही जाईन.”

हे. हेच ते. इतकी वर्षं फोडण्या देत मी हेच गिळत आले.

विचार करून बोलले का? हो. सहज तोंडून निसटलं असं म्हणता आलं असतं, तेवढी सोय मी स्वतःला पुष्कळ दिवस दिली होती. निसटलं नव्हतं. डॉक्टर बोलत होता तेव्हाच वाक्य तयार झालं होतं, फक्त आईनं विचारायची वाट होती. आणि तिला कशानं जास्त दुखेल हेही मला ठाऊक होतं — पूर्ण आंधळं होण्याच्या भीतीनं. डॉक्टरनं जी भीती काढायला सांगितली होती तीच मी तिच्या मानेवर बसवली.

वर काय झालं माहीत आहे? डॉक्टरला वाटलं, मी त्याचंच सगळं समजावून सांगितलं. तो खूश झाला. आईकडे वाकून म्हणाला, “बेटी ने जैसा बताया, वैसा ही रोज़ कीजिए, माताजी.” आईनं त्याला हात जोडले. तिथल्या तिथे, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या, तिनं मान सरळ केली.

घरी येऊन मी बाकीचं सगळं खरं सांगितलं, ‘पूर्ण आंधळी होणार नाही’ एवढं सोडून. खोट्याला खऱ्याचं अस्तर लावलं. भावानं मोठा बल्ब आणला. पायऱ्यांना मी स्वतः चुना ओढला. जेवायला काळी ताटली काढली. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, लेक असावी तं अशी. मी ते ऐकून घ्यायची. लाज वाटली का? नाही, तेव्हा नाही. बरं वाटलं.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा प्रश्न नव्हता. एवढ्या मोठ्या डॉक्टरनं औषध नाही म्हटल्यावर भाऊ तरी कुणाकडे जाणार?

मग सराव सुरू झाला. डॉक्टरनं सांगितलेलाच सराव, फक्त उलटा. मी आईला खुर्चीत बसवायची आणि समोर बसायची. “सरळ पाह्य,” म्हणायची. ती म्हणायची, “सरळ पायलं तं काहीच दिसत नाही न वं.” आणि मी काय म्हणायची? दिसलंच पाहिजे असं कोण म्हणतं, नुसतं बघायचं. असं म्हणायची मी. साठी उलटलेल्या बाईला नुसतं बघायला शिकवत होते, दिसणं सोडून. मान कलली की मी तिच्या मांडीला चिमटा घ्यायची. आधी हलका. मग सवय व्हावी म्हणून जरा जोरात. ती ‘हाय’ करायची आणि लगेच म्हणायची, बरं केलं माय, मह्या ध्यानातच राहत नाही. माझे आभार मानायची!

अमरावतीची मंडळी आली तेव्हा मी तिला भिंतीशी टेकून बसवलं आणि रिवाज सोडून तिच्या अगदी लगत बसले, पदराखाली हात तिच्या मांडीवर. लोकांना वाटलं मुलगी आईवेडी आहे. त्या कार्यक्रमात मी तिला कितीदा चिमटे घेतले ते मोजलेलं नाही, पण ती एकदाही हलली नाही. माझ्या होणाऱ्या सासूच्या आवाजाकडे तोंड करून, मान ताठ ठेवून, हसतमुख बसली. तिच्या समोर नुसतं राखेच्या रंगाचं धुकं होतं. ज्या बाईच्या हाती लेक सोपवायची तिचं तोंड तिनं पाहिलंच नाही. सासूबाई नंतर पुष्कळ वर्षं सांगायच्या की मी तुझ्या आईला बघूनच होकार दिला, काय बाईची सरळ नजर होती! साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर आईनं पातळ बदललं तेव्हा तिची मांडी मला दिसली. हिरवीनिळी झाली होती. तिनं विचारलं, “बराबर बसली होती न मी?” मी म्हटलं, हो. आणि मी ते डाग बघून तोंड फिरवलं. मला तोंड फिरवायची मुभा होती.

लग्नानंतर तरी सांगायचं होतं. हो ना? काम झालं होतं. नवरा चांगला होता, त्याला सांगितलं असतं तर त्यानंच आईला समजावलं असतं. मग का नाही सांगितलं? कारण मग आईला कळलं असतं की डॉक्टर असं म्हणालाच नव्हता. मला तिच्या डोळ्यांपेक्षा तिच्या मनातली माझी जागा जास्त मोलाची होती. तिला धुक्यात ठेवून मी चांगली लेक राहिले. दर दिवाळीला माहेरी जायची, तिच्यासाठी मऊ पातळ घेऊन जायची, तिचे पाय चेपायची. चेपताना मांडीपर्यंत हात जायचा, तेव्हा मी थांबायची.

आणि ती? ती ताठ बसायची. देवाच्या मूर्तीसमोर सरळ, पंगतीत सरळ, माझ्या लेकीच्या बारशाला सरळ. पाळण्यात वाकून बघ म्हणाले लोक, तर तिनं वाकून सरळ पाहिलं आणि म्हणाली, “मोठी गोड हाये.” काय गोड दिसलं असेल तिला? हातांनी चाचपून तिनं नाक बघितलं, जावळ बघितलं.

तुम्ही वाट बघत असाल की आता माझे डोळे जातील. तसं काही झालं नाही. माझे डोळे उत्तम आहेत, अजून सुईत दोरा मीच ओवते. देवाला या कामासाठी वेळ मिळाला नसावा.

आई त्यानंतर काही वर्षांनी गेली, तापानं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी रडायला जागा राहणार नाही. आता राहिली एकच दुपार. ती जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली.

मी माहेरी गेले होते. माझी मीनू चार-पाच वर्षांची. जेवणं झाली, मी आत लवंडले होते, बाहेर ओसरीवर आई आणि मीनू. कूलरच्या घरघरीत मला डुलकी लागली नाही म्हणून मी पाणी प्यायला उठले आणि दारात थबकले. ओसरीवर रखरखीत उजेड होता, तिला हवा असायचा तसा. मीनू तिच्या समोर बसून चिंचोके खेळत होती. आणि आईनं तोंड रस्त्याकडे वळवलं होतं. मान कललेली, बुबुळं कोपऱ्यात. थोडी अशी वळली, थोडी तशी, जागा शोधत — आणि मग थांबली. तिला सापडली होती ती जागा. ती माझ्या लेकीकडे बघत होती. डोळे भरून, कोपऱ्यातून. हसत होती, ओठ हलत होते. ते बघणं किती वेळ चाललं मला माहीत नाही. एवढं सुंदर तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं, आणि याच बघण्याला मी कोंबडी म्हटलं होतं.

मग ती मीनूला हळूच म्हणाली, “गालावर तीळ हाये वं तुह्या! मले कोणी सांगतलंच नाही.”

मीनूच्या गालावर जन्मापासून तीळ आहे.

तेवढ्यात दारात माझं पातळ हललं असावं. कडेचं तिला दिसायचंच ना! ती दचकली. चोरी करताना सापडल्यासारखी दचकली. चटकन मान सरळ केली, हात मांडीवर ठेवले — मी चिमटा घ्यायची त्याच मांडीवर — आणि माझ्याकडे, म्हणजे जिथे मी तिला कधीच दिसणार नव्हते तिथे, सरळ बघत म्हणाली, “चुकलं वं माय. डाक्टरनं नाही म्हटलं, मले मालूम हाये. एकच डाव पाहून घेतलं.”

मला फक्त तोंड उघडायचं होतं. दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, लेक चिंचोक्यांत रमली होती. एक वाक्य होतं, आणि तिच्याजवळ अजून बघायला दिवस होते.

मी म्हणाले, “बरं. आता सरळ बस.”

आणि ती बसली.